सतरा दिवसांचा थर

९ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद शेवटी देईन, शिल्लक राहिले तर. आधी तक्रार. फोन तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर माझा आवाज ऐकून ठेवून देतेस. म्हणून पत्र. पत्र ठेवून द्यायलासुद्धा आधी हातात घ्यावं लागतं.

पत्ता तुझ्या आईकडून काढला. ती देत नव्हती. म्हणाली, "आई, तिला जरा एकटी राहू दे." मी म्हटलं, "चार महिने एकटीच आहे ती. अजून किती एकटी व्हायची?" मग दिला.

माझी शाळा चौथीपर्यंत. पाचवीच्या बाईंनी मला पाहिलं नाही, मी त्यांना पाहिलं नाही, दोघी सुखी. तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. लागत नसेल तर दुकानातला एखादा चष्मा लाव. चष्म्याच्या दुकानात आहेस म्हणे. लोकांच्या नाकांची मापं घेतेस. पाण्याच्या एका थेंबात पिल्लं किती ते सांगणारी पोरगी आता नाकं मोजते. काम वाईट नाही, नाक सगळ्यांना असतं. पण तुझी आई पुढे म्हणाली की मालक तुझ्याकडून तीन वर्षांचा कागद करून घेणार आहे, मार्चच्या शेवटी. ते ऐकलं आणि मी पेन आणायला गेले.

इथे सगळं जिथल्या तिथे. हे पैदास केंद्र म्हणजे समुद्राच्या गोगलगायींची बाळंतखोली. लोकांनी खडकांवरच्या ओरबाडून संपवल्या, म्हणून इथे वाढवून परत समुद्रात सोडायच्या. मी सातला येते. टाक्या, फरशी, बादल्या. साहेब ओल्या बुटांनी माझ्या पुसलेल्या फरशीवरून जातात आणि "सॉरी आजी" म्हणतात. इतक्या वर्षांत बूट सुधारले नाहीत, सॉरी मात्र सुधारली. पूर्वी नुसतं हुं करायचे.

तुझ्या जागी कुणी आलेलं नाही. अंडी होतात, पिल्लं होतात, आठवडाभर पोहतात आणि मरतात. तळाला उतरतच नाहीत. साहेब कागदावर आकडा लिहितात आणि उरलेली गटारात सोडतात.

जायच्या दिवशी तू दारात उभी राहून म्हणालीस, "आजी, निदान तू तरी म्हण, माझं चुकलं नव्हतं." मी म्हटलं, "घाण ती घाण. तिच्यावर काय उगवणार?" ते मी म्हटलं. विसरले नाही, एवढंच लिहून ठेवते.

आजी

---

२३ फेब्रुवारी

भिंगरे,

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही. म्हणजे फाडलंस किंवा वाचलंस. दोन्ही चालेल.

पंपघराच्या मागची तडकलेली टाकी आठवते? जिच्यात मी जुने ब्रश टाकायची? ती मी मागून घेतली. पंपवाल्या ठोक्याने तडा बुजवून दिला. ठोक्या सुधारलेला नाही. पंप बंद पडला की अजून हातोडीनेच ठोकतो आणि पंप अजून चालू होतो. त्यामुळे त्याला शिकवायची सोय नाही.

तर त्या टाकीत खारं पाणी सोडलं आणि बारा प्लेटा उभ्या केल्या. तुझ्याच, पारदर्शक, पन्हळीच्या. ऊन येतं तिथे.

साहेब म्हणाले, "आजी, हे काय नवीन?"

"म्हातारीचा छंद, साहेब. काही बायका लोकर विणतात."

"प्लेटा कशाला लागतात छंदाला?"

"लोकर महाग आहे."

हसले आणि गेले. बुटांचे ठसे मी मागून पुसले.

तू काय करायचीस ते मला तोंडपाठ आहे. तू टाकीवर वाकून स्वतःशीच बोलायचीस आणि मी शेजारी फरशी घासत असायची. कानाला कुणी कुलूप लावलं होतं? प्लेटा उजेडात, वाहत्या पाण्यात चौदा दिवस ठेवायच्या. त्यांच्यावर तपकिरी-हिरवा बुळबुळीत थर धरतो. मग तीन दिवस त्यांच्यावरून मोठ्या गोगलगायी चालवायच्या. त्या थोडा थर खातात आणि आपली लाळ मागे सोडतात. त्या लाळेच्या वाटेवर पिल्लं उतरतात, कारण त्यांना कळतं, इथे आपली माणसं राहून गेली आहेत. तू मला म्हणाली होतीस, "आजी, ती घाण नाही. ते पिल्लांचं अंथरूण आहे आणि ताटही तेच." मी म्हटलं होतं, "अंथरुणात जेवणाऱ्यांना आमच्या घरी मार मिळायचा."

हे सगळं कशाला, असं विचारू नकोस. विचारणार नाहीसच म्हणा.

एक गोष्ट मात्र तुझ्यापेक्षा वेगळी केली. बारापैकी सहाच प्लेटा घाण होऊ देते. उरलेल्या सहा एक दिवसाआड घासते. सबंध जन्म घासण्यात गेला, समोर बुळबुळ दिसली की हात शिवशिवतो. त्याला काहीतरी चारायला हवं, नाहीतर तो नको तिथे जातो.

आजी

---

७ मार्च

भिंगरे,

काल संध्याकाळी साहेबांनी मोठ्यांचं पाणी कोमट केलं. तुला माहीत आहे, ऊब लागली की त्यांना राहवत नाही. नरांनी पाण्यात दुधासारखा धूर सोडला, माद्यांनी हिरवट कणी. सगळं मिसळलं, कणी तळाला बसली. लग्न लागलं, ना मांडव ना मानपान. मला हा प्रकार पहिल्यापासून पसंत आहे.

साहेबांनी लागतील तेवढी अंडी घेतली. उरलेली बादली गटाराकडे निघाली तेव्हा मी आडवी आले.

"साहेब, ही मला द्या."

"आजी, लोणचं घालणार का?"

"तुमच्या हाती ती मरतातच. माझ्या हाती मेली तर तुमच्या कागदावर चढणार नाहीत."

त्यांना ते पटलं. मला टोमणा मारायचा होता, त्यांना हिशेब दिसला. असो, बादली मिळाली.

आज सकाळी अंड्यातून बाहेर आली आणि सगळी पाण्याच्या वरच्या थरात. साहेब जेवायला गेले की ती बारीक बघायची दुर्बीण रिकामी असते. डावा डोळा मिटायचा, श्वास धरायचा आणि बोटाने हळूच फिरवायचं. तू शिकवलं नाहीस, मी पाहून शिकले. एवढीशी गोल पिल्लं, कमरेला केसांचा पट्टा, आणि ते केस हलवत गरागरा फिरतात. तोंड नाही, पोट नाही, कुठे जायचं ते माहीत नाही, पण घाई केवढी.

तुझं नाव त्यावरून पडलं हे तुला कुणी सांगितलं का? सात वर्षांची होतीस. घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून कामावर आणली. तेव्हाच्या मोठ्या बाईंनी तुला स्टुलावर उभं करून हेच दाखवलं. त्यानंतर तू दिवसभर बोळात गरागरा फिरत राहिलीस, ती थेट माझ्या साबणाच्या बादलीवर आदळेपर्यंत. टेंगूळ आलं. रडली नाहीस. "अजून एकदा बघू?" म्हणालीस. त्या दिवशी मला कळलं, ही आता हातची गेली.

आजी

---

९ मार्च

भिंगरे,

आज पीळ पडला.

पाठीवर काचेसारखं पातळ टरफल आलं, पोहायला दोन पंखासारख्या पाळ्या आल्या, त्यांच्या कडेला केस. आणि मग अंग आतल्या आत अर्धं वळलं. मागचं पुढे आलं. बूड डोक्यावर येऊन बसलं. तू हे मला पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मला खोटं वाटलं होतं. मग म्हटलं, आपल्या घराण्यातले निम्मे लोक असेच जगले, फक्त त्यांना कुणी दुर्बिणीखाली घातलं नाही. सुंभ जळतो, पीळ राहतो. तुझ्या आईचा, तुझा. माझा सगळ्यात जुना.

आजपासून सहा प्लेटांवर दोन मोठ्या गोगलगायी सोडल्या आहेत. एक जाडी, एक तिच्याहून जाडी. चालतात आपल्या, जणू भाडं त्याच भरतात.

आता ऐक, म्हणजे वाच. या पिल्लांना आईने अंड्यातच शिदोरी बांधून दिलेली असते. बाहेरचं ती खातच नाहीत. शिदोरी आहे तोवर पोहायचं आणि उतरायला जागा शोधायची. चांगली जागा दिसली नाही तर उतरत नाहीत, थांबतात, अजून फिरतात. फिरता फिरता शिदोरी संपते. मग जागा समोर आली तरी उतरायची ताकद राहत नाही. गेल्या ऑक्टोबरात तुझी तशीच गेली. बारा दिवस तू टाकीशी बसून होतीस. जेवणाचा डबा नेला तसा परत आणायचीस.

मार्च एकतीस दिवसांचा असतो. मी मोजते आहे. आणि त्या कागदावर सही करायची तुझी घाई मोठी असेल, पण तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं. नीट वाच तो. बारीक अक्षर पहिल्यांदा वाच. चष्म्याच्या दुकानात तेवढं तरी फुकट असेल.

आजी

---

१२ मार्च

भिंगरे,

घाईत लिहिते. पाय आला.

पोटातून बाहेर काढतात, तळाला टेकवतात, जरा चाचपतात, आत घेतात, पुन्हा पोहतात. गार पाण्यात पाऊल टाकून बघणाऱ्या माणसासारखं. आता त्यांना जागा हवी आहे. सकाळी जाड्या दोघी काढून घेतल्या आणि पिल्लं सोडली. बाराही प्लेटांना सारखीच, लाडकं-दोडकं केलं नाही.

दुपारी पंप बंद पडला. ठोक्याने ठोकलं. चालू झाला नाही! तीस वर्षांत पहिल्यांदा. तो इतका घाबरला की हातोडीकडेच बघत बसला. म्हटलं, "बघतोस काय, बादली उचल." तासभर आम्ही दोघांनी समुद्राचं पाणी आणून हळूहळू ओतलं. तो धापा टाकत म्हणाला, "आजी, तुमची पोरं गुदमरली तर माझ्या नावाने बोंब नको." मी म्हटलं, "बोंब मारायला मला तुझं नाव तरी कुठे माहीत आहे?" खरंच माहीत नाही. मग त्याने शेवटचं एकदा ठोकलं आणि चालू झाला.

प्लेटांना हात लावणार नाही. तीन दिवस बघणारसुद्धा नाही. हात मागे बांधून फिरते आहे. साहेबांना वाटतं पाठ दुखते.

आजी

---

१६ मार्च

भिंगरे,

उभी असशील तर बस. गिऱ्हाईक असेल तर त्याला जाऊ दे.

उतरली.

सहा घाण प्लेटांवर. तुझं भिंग खणात राहिलं होतं, ते लावून एका प्लेटेवर पंजाएवढ्या जागेत एकसष्ट मोजली. मग डोळ्यांत पाणी आलं, भिंगाला फार वेळ डोळा लावला की येतं. पोहायच्या पाळ्या गळून गेल्या आहेत, आता नुसता पाय आणि तोंड. खरवडून खरवडून खातात, मागे बारीक वाटा पडल्या आहेत. सगळी लाळेच्या रेघांवर, जशी तू म्हणाली होतीस. आणि घासलेल्या सहा प्लेटांवर? सहा मिळून चार. तीही कडेला, जिथे माझा ब्रश पोचत नाही.

म्हणजे तुझं बरोबर होतं. हे आधी लिहिलं, कारण पुढचं वाचल्यावर तू कदाचित पत्र टाकून देशील.

ऑक्टोबरात तुझा थर पाण्याने वाहून गेला नाही. मी घासला.

तुला ताप होता. शनिवार-रविवार तू घरी पडून होतीस. सोमवारी पाहणीला माणसं येणार होती. साहेब सगळीकडे फिरून "स्वच्छ हवं, स्वच्छ हवं" करत होते. सगळ्या टाक्या आरशासारख्या झाल्या, आणि माझ्या नातीच्या टाकीत बुळबुळ. मला लाज वाटली. तू मला दहा वेळा सांगितलं होतंस ती घाण नाही म्हणून. मी दहाही वेळा ऐकलं आणि एकदाही विश्वास ठेवला नाही. रविवारी आले, शहाण्णव प्लेटा काढल्या, साध्या पाण्याने, ताठ ब्रशने, एकेक पन्हळ. सहा तास लागले. जन्मात इतकं सुंदर घासलं नव्हतं. सोमवारी तू अर्ध्या तापात आलीस आणि पिल्लं सोडलीस. पारदर्शक प्लेट पाण्यात काय दिसणार?

बुधवारी तू एक प्लेट दुर्बिणीखाली धरलीस आणि मला विचारलंस, "आजी, थर कुठे गेला?"

मी म्हटलं, "पाण्याबरोबर गेला असेल."

दुसऱ्या कुणाला विचारलंच नाहीस तू. आजी खोटं बोलेल हे तुझ्या डोक्यातच आलं नाही. इतकं शिकलीस, तेवढा एक धडा राहिला. मग तू स्वतःच्या हाताने अहवालात लिहिलंस की वाहत्या पाण्यात हा थर टिकत नाही, पद्धत निकामी आहे. साहेबांनी तो फाइलला लावला. आणि तू गेलीस.

का बोलले खोटं? तुझा चेहरा बघवला नसता, वगैरे मी लिहिणार नाही, ते नाटकात म्हणतात. खरं कारण लहान आहे. मला मूर्ख ठरायचं नव्हतं. चाळीस वर्षं ज्या एका कामात मला कुणी बोट दाखवलं नाही, त्याच कामाने मी तुझं वाटोळं केलं, हे तोंडातून निघेना. नंतर दर दिवशी ते खोटं एकेक पूट चढून कडक होत गेलं. वर तुला दारात ऐकवलं, घाण ती घाण. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते माझ्यासारखीलाच.

तू विचारशील, मग पहिल्याच पत्रात का नाही लिहिलंस? लिहिलं असतं, "मी घासलं." तू म्हणाली असतीस, "आणि घासलं नसतंस तर? तरी मेलीच असती, कुणास ठाऊक." त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे. एकसष्ट आणि चार.

माफी मागते. एकदाच लिहिते. पुन्हापुन्हा लिहिली की ती पातळ होते.

आजी

---

२० मार्च

भिंगरे,

तुझं काही आलं नाही. पण माझं काम तुझ्या उत्तरासाठी अडलेलं नव्हतं. काल साहेबांकडे गेले. त्यांच्या खोलीत आणखी दोन माणसं बसली होती. म्हटलं बरं झालं, साक्षीदार आयतेच.

"साहेब, ऑक्टोबरची फाइल काढा."

"आजी, आत्ता मीटिंग चालू आहे."

"मीटिंग कशाची आहे?"

"पिल्लं का उतरत नाहीत याची."

"मग मी वेळेवर आले."

सगळं सांगितलं. रविवार, ब्रश, शहाण्णव प्लेटा, बुधवार. एक माणूस हसायला लागला, मग साहेबांचं तोंड बघून थांबला. साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "आजी, तुम्हाला कामावरून काढायला हवं."

"काढा. पण आधी त्या कागदावर दुरुस्ती करा, मग मला काढा. उलट्या क्रमाने केलंत तर मी खुर्चीतून उठणार नाही."

"आणि दुरुस्ती कशाच्या जोरावर करू? तुमच्या शब्दावर?"

"माझ्या शब्दाला काय किंमत आहे ते आत्ताच सांगितलं की. उठा, पंपघरामागे चला."

आले. भिंग लावलं. पहिली घाण प्लेट, मग घासलेली, मग पुन्हा घाण. बारा प्लेटा बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "अर्ध्या घासलेल्या ठेवायला तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "कुणी नाही, हाताची खोड." ते म्हणाले, "आजी, ही खोड नसती तर मी याला योगायोग म्हटलं असतं." मग तिथेच खाली बसले, ओल्या जमिनीवर, चांगल्या पँटीत.

अहवालाला पान जोडलं आहे. त्यांनी लिहिलं, मी दोनदा मोठ्याने वाचून घेतलं, मग सही केली. सही, अंगठा नव्हे. नक्कल सोबत आहे. "पद्धत निकामी" वर रेघ मारली आहे, आणि ती रेघ पट्टीने मारायला लावली.

मला काढलं नाही. पिल्लांच्या खोलीत पाऊल टाकायला बंदी केली. फरशी, कचेरी आणि बोळ एवढंच माझं. बरोबर केलं, मीही तेच केलं असतं. शेवटी म्हणाले, "तिचा पत्ता द्याल?" मी म्हटलं, "नाही. तिने मागितला तर तुमचा तिला देईन."

कागदाला अकरा दिवस आहेत. सही कर नाहीतर करू नकोस, पण आपलं चुकलं होतं म्हणून करू नकोस. ते कारण आता संपलं. दुसरं शोध.

आजी

---

२८ मार्च

भिंगरे,

तुझं कार्ड आलं. मी पाठपोट तीनदा बघितलं. नमस्कार नाही, शिवी नाही, सही नाही. एक ओळ: "थर किती दिवसांचा होता आणि पाणी किती गरम?"

तुझी आई विचारत होती, "काय लिहिलंय? चिडली आहे का?" मी म्हटलं, "कामाचं लिहिलंय." ती गोंधळली. तिला कळायचं नाही ते.

तर उत्तर. थर सतरा दिवसांचा. तेवीस फेब्रुवारी ते बारा मार्च. चौदा दिवस नुसता उजेड आणि पाणी, पुढचे तीन दिवस जाड्या दोघी. पाणी किती गरम ते मी मोजलं नाही. माझ्याकडे थर्मामीटर नव्हता, मनगट होतं. पण ठोक्या पंपाच्या वहीत रोज आकडा लिहितो, तो उतरवून पाठवते, मागच्या पानावर आहे. बारा तारखेला तासभर पंप बंद होता तेही लिहिलं आहे. काही लपवलेलं नाही. आता लपवायला जागाच राहिली नाही.

आणि हे तू विचारलं नाहीस तरी सांगते. टरफलाच्या कडेला नवी वाढ सुरू झाली आहे. पोहण्याच्या दिवसांतलं टरफल गुळगुळीत आणि काचेसारखं. मग एक रेघ. रेघेच्या पुढचं खडबडीत आणि तांबूस, खातात त्या थराच्या रंगाचं. साहेबांनी एक मेलेलं पिल्लू मला बोळात आणून दाखवलं, दुर्बिणीसकट. खोलीत जायला बंदी आहे ना, म्हणून दुर्बीण बोळात आली. ओले बूट तेवढे आठवणीने घालून आले.

आजी

---

१७ मे

भिंगरे,

पहिलं भोक पडलं. टरफलाच्या कडेला, श्वासाचं. आता ती पिल्लं राहिली नाहीत, गोगलगायी झाल्या. त्या पंजाएवढ्या जागेतल्या एकसष्टपैकी अडतीस जगल्या आहेत. साहेब म्हणतात, हा आकडा फार चांगला. मी म्हटलं, तेवीस गेल्या त्यांना विचारा. मोहरीहून मोठ्या आहेत, मुगाहून लहान. माथ्यावर लहानपणचं टरफल अजून तसंच चिकटलेलं आहे. पुढे कितीही वाढल्या तरी ते टोक तिथेच राहतं म्हणे. झिजलं तर झिजतं, कुणी काढत मात्र नाही.

कागदावर सही केली नाहीस हे मला तुझ्या आईकडून कळलं, तू येत्या सोमवारी कामावर येते आहेस हे साहेबांकडून. तू मला दोन्ही सांगितलं नाहीस. तो तुझा हक्क आहे, वापर. साहेबांशी बोलताना तू माझ्याबद्दल एकच विचारलंस म्हणे, "आजी अजून सातलाच येते का?" हो, सातलाच. तुला मला टाळायचं असेल तर आठला ये. भेटायचं असेल तर तूही सातला ये. दोन्हीची सोय करून ठेवली आहे.

माझ्याकडे राहणार नाहीस असंही कळलं. ठीक. खोली रिकामी आहे एवढं सांगते, आग्रह करत नाही. तुझ्या पलंगावर मी बादल्या ठेवल्या होत्या, त्या काल काढल्या. मला त्या दुसरीकडे हव्या होत्या.

सोमवारसाठी शंभर प्लेटा उन्हात लागल्या आहेत. ठोक्याने लावल्या, मी बोळातून ओरडून सांगितलं. येशील तेव्हा थर चौदा दिवसांचा असेल. पुढचे तीन दिवस तुझे. जाड्या दोघींना निरोप दिला आहे.

आता शेवटचं, आणि हे नीट वाच. पिल्लांच्या खोलीला नवीन कुलूप बसलं आहे. किल्ली तुझ्या नावाच्या पाकिटात साहेबांच्या खणात आहे. ती मला कधी देऊ नकोस. तू आजारी असलीस तरी नको. पाहुणे येणार असले तरी नको. मी गोड बोलून मागितली तर मुळीच नको, मी गोड बोलते म्हणजे काय ते आता तुला माहीत आहे.

बोळ माझा. चपला बाहेर काढून ये.

आशीर्वाद शिल्लक राहिले. घे.

आजी